नट फिरतोय, पण निघत नाही

प्रश्न असा आलाय. सात वर्षांची स्विफ्ट आहे. दोन वर्षांपूर्वी बाहेरून अलॉय बसवले, सोबत क्रोमचे चकचकीत नट मिळाले. परवा हायवेला पुढचं डावं चाक पंक्चर झालं. टपरीवाल्याने गनने (हवेवर चालणाऱ्या पान्याने) नट खोलले, पंक्चर काढलं आणि गननेच परत कसले. काल घरी चाक काढायला गेलो तर चारपैकी दोन नट सरळ निघाले, तिसरा पान्यात गोल झाला आणि चौथा नुसता गरगर फिरतोय, बाहेर यायचं नाव घेत नाही. एक गॅरेजवाला म्हणतो हब बदला, दुसरा म्हणतो वेल्डिंग मारून देतो. काका, काय करू?

आधी वेल्डिंगवाल्याला नको म्हणून सांगा. हबवाल्याला थांबायला सांगा. बहुतेक वेळा हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या लोखंडी भागाला, काहीही झालेलं नसतं, गेलेला असतो तो स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, ज्यावर नट बसतो. आणि स्टड ही बदलायचीच वस्तू आहे. मी कराडमध्ये हायवेच्या कडेला सव्वीस वर्षं हेच काम करतोय आणि येणाऱ्या प्रत्येकाला हेच समजावतो, की स्टडचा जीव वाचवत बसू नका. तो मोडला तर मोडू द्या, हब आणि रिम वाचवा. लोक बरोबर उलटं करतात. शेदोनशे रुपयांचा स्टड वाचावा म्हणून धडपडतात आणि त्यात अलॉयचं भोक फाटतं किंवा हबचं भोक मोठं होतं.

आता तुमच्या चाकाचं नेमकं काय झालं असेल ते बघू. मारुतीच्या गाड्यांना स्टडचा आटा १२ बाय १.२५ असतो, म्हणजे जाडी १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर. ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांचा आटा १२ बाय १.५. बाहेरून दोन्ही नट सारखे दिसतात. दीडचा नट सव्वाच्या स्टडवर बोटाने दोन-तीन फेरे आत जातो आणि मग अडतो. बोटाला ते लगेच कळतं, गनला कळत नाही. गन त्याला तसाच रेटत आत नेते, दोघांचेही आटे सोलले जातात आणि नट तिथेच रुतून बसतो. टपरीवर एका वेळी दोन-दोन गाड्या उघडलेल्या असतात आणि सगळे नट एकाच पत्र्याच्या ताटलीत पडलेले असतात. अदलाबदल तिथेच होते. कुणी मुद्दाम करत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे नट वाकडा लागला. आटा बरोबरचाच, पण सुरुवात हाताने न करता नट गनच्या गोटीत, म्हणजे नटावर बसणाऱ्या पोकळ तोंडात, घालून थेट स्टडवर धरला आणि ट्रिगर दाबला. निकाल तोच.

खात्री करायला आट्यांमधलं अंतर मोजायचं पिच गेज लागत नाही. जे दोन नट निघाले त्यांच्या मोकळ्या स्टडला स्टीलची पट्टी लावा आणि १५ मिलिमीटरमध्ये किती आटे बसतात ते मोजा. १२ भरले तर सव्वाचा आटा, १० भरले तर दीडचा. मग खात्रीचा एक नवा नट घ्या आणि चारही चाकांच्या प्रत्येक मोकळ्या स्टडवर नुसत्या दोन बोटांनी फिरवून बघा. अगदी मुळापर्यंत लोण्यासारखा गेला पाहिजे. सुरुवातीलाच अडला तर पहिले आटे दबलेत. सुरुवातीला छान गेला आणि मधेच जड झाला, तर तो स्टड ताणला गेलाय. जास्त कसल्यामुळे स्टडला मधे कंबर येते, तिथले आटे लांबतात आणि नटाच्या आट्यांशी जुळत नाहीत. असा स्टड वरून कितीही चकचकीत दिसला तरी परत वापरायचा नाही.

आता काढायचं कसं. गोल झालेला नट आधी घेऊ, तो सोपा आहे. क्रोमच्या बऱ्याच नटांवर वरून पातळ पत्र्याची टोपी असते, आत साधा लोखंडी नट. पाणी शिरलं की आतला नट गंजून फुगतो, टोपी सुटते आणि १९ ची गोटी बसेनाशी होते किंवा बसून घसरते. छोट्या छिन्नीने ती टोपी उपटून काढा, आतल्या नटावर एक नंबर लहान गोटी बसते का ते बघा. टोपी नसेल, नट सबंधच गोल झाला असेल, तर सहाकोनी लहान गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवायची आणि लांब टॉमीने (दांड्याने) सावकाश जोर द्यायचा. बाराकोनी गोटी इथे चालत नाही, ती नटाचे उरलेले कोपरेही खाते. उलट्या पिळाची, आत धार असलेली नट काढायची गोटी मिळते, ती असेल तर उत्तम. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, पण अपेक्षा माफक ठेवा. गंजलेल्या नटाला त्याने फरक पडतो, वाकड्या आट्यात रुतलेल्याला फारसा नाही.

गॅसची ज्योत मात्र टायर चढवलेल्या चाकाला लावू नका. कळकळीने सांगतोय. रिम तापली की आतलं रबर जळायला लागतं, टायरमधला दाब वाढत जातो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. वाल्व्ह काढून हवा सोडली तरी धोका पूर्ण जात नाही. शिवाय बेअरिंगचं ग्रीस आणि जवळच असलेला एबीएसचा सेन्सर जातो तो वेगळाच.

आता तो गरगर फिरणारा. नट फिरतोय असं दिसतं, पण खरं तर नट आणि स्टड मिळून फिरताहेत. स्टडच्या मुंडीखाली बारीक उभ्या खाचा असतात. हबच्या भोकात दाबून बसवताना त्या धातूत रुततात आणि स्टडला फिरू देत नाहीत. आट्यात नट इतका घट्ट बसला की त्या खाचांनी हात टेकले. आता मागून मुंडी धरणारं कुणी नाही. यावर गन मारणं सगळ्यांत वाईट, कारण स्टड जितका आतल्या आत फिरेल तितकं हबचं भोक घासून मोठं होईल. आणि मग हब बदला म्हणणारा खरा ठरेल.

पहिला उपाय मी असा करतो. गाडी जॅकवर घेतो, खाली स्टँड लावतो. बाकीचे सगळे नट काढून टाकतो. गोल झालेला आधीच निघालेला असला पाहिजे. आता चाक त्या एकाच स्टडवर लटकतंय. पोरगा चाकाच्या मागून, रिम आणि हबच्या मधे, लाकडाचा तुकडा टेकवून पहार घालतो आणि चाक बाहेरच्या बाजूला रेटून धरतो. रिम नटाला बाहेर ओढते, नट स्टडला ओढतो आणि स्टडची मुंडी हबच्या पाठीवर घट्ट दाबली जाते. तेवढ्या घासणीत मी हाताने, अगदी सावकाश, नट उलटा फिरवतो. पाव फेरा, थांबायचं, परत पाव फेरा. दहातल्या काही वेळा एवढ्यावरच निघतो. घाई केली की मुंडी परत सटकते.

नाही निघाला तर मागून जायचं. पुढच्या चाकाला ब्रेक डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं. ते वाकवून किंवा थोडं कापून स्टडची मुंडी दिसते का ते बघा. दिसली तर तिला लोखंडी पट्टीचा एक तुकडा टाचून वेल्ड करायचा. हबला नाही, फक्त मुंडीला. नट फिरवला की ती पट्टी नकलला, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या न फिरणाऱ्या भागाला, अडते आणि स्टड थांबतो. ह्या स्टडला आपण फेकूनच देणार आहोत म्हणून इथे वेल्डिंग चालतं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि वेल्डिंगची अर्थ हबलाच, मुंडीच्या अगदी जवळ लावायची. अर्थ चॅसीला लावली तर करंट बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, गोळ्यांवर डाग पडतात आणि महिन्याभरात चाक घुंघुं करायला लागतं. हे मी शिकाऊ असताना एका व्हॅनवर स्वतः करून बसलोय. मालक परत आला तेव्हा नवं बेअरिंग माझ्या पगारातून गेलं, आणि ते योग्यच झालं.

तेही जमलं नाही तर ड्रिल. बंद तोंडाचा नट असेल तर आधी त्याचं टोक कापायचं, स्टडच्या बरोबर मध्यभागी पंच मारायचा, नट व्हाइस ग्रिपने धरून आधी ५ चं भोक, मग ८ चं, मग १० चं. स्टडचं पोलाद कडक असतं. साधं बिट जळतं, कोबाल्टचं घ्या, वेग कमी ठेवा आणि तेल थेंबाथेंबाने देत राहा. दहाचं भोक नटाच्या खोलीइतकं गेलं की स्टडची फक्त नळी उरते आणि नट तिच्यासकट तुटून येतो. पाऊण-एक तास लागतो. लोखंडी रिम असेल तर एवढं करायची गरज नाही, नट बाहेर मोकळा असतो, छिन्नीने उभा फोडता येतो. अलॉयमध्ये नट खोल भोकात असल्यामुळे छिन्नी रिमलाच लागते.

चाक निघालं की पुढचं काम मजेचं आहे. कॅलिपर (डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग) सोडून तारेने स्प्रिंगला टांगायचा, पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. ब्रेक डिस्क काढायची. हब फिरवून तो स्टड नकलच्या मागे जिथे मोकळी जागा आहे तिथे आणायचा आणि दाबून मागे काढायचा. घण मारून काढणारे खूप आहेत, मीही पूर्वी मारायचो. पण तो प्रत्येक घाव बेअरिंग खातं. बॉल जॉइंटचा पुलर किंवा मजबूत जी-क्लॅम्प वापरा. काही गाड्यांत मागे स्टड बाहेर यायला जागाच नसते. मग हब प्रेसवर काढावा लागतो आणि तसा काढताना बेअरिंग बहुधा जातंच. अशा गाडीत बिल मोठं सांगणारा गॅरेजवाला लुबाडत नसतो. त्याला एवढंच विचारा, मागून जागा आहे का, मला दाखवाल का? खरा माणूस गाडीखाली बोलावून दाखवतो. मागच्या ड्रमच्या चाकांना हा त्रास कमी, ड्रम निघाला की मागची बाजू बहुतेक मोकळीच होते.

स्टड काढल्यावर हबच्या भोकात बोट घालून बघा. आतल्या खाचा हाताला लागल्या पाहिजेत. भोक गुळगुळीत आणि मोठं झालं असेल, नवा स्टड हाताने आत जात असेल, तरच हब बदलायचा. मुंडीला मागून वेल्ड करून असला हब चालवू नका. वेल्डच्या उष्णतेने स्टडची कडक पोलादी ताकद त्या जागी जाते, वेल्डच्या शेजारी तो ठिसूळ होतो आणि मग तुटतो तो कसलीही सूचना न देता.

नवा स्टड घेताना जुना नमुना सोबत न्या. आटा, लांबी आणि खाचांच्या भागाची जाडी, तिन्ही जुळलं पाहिजे. खाचांची जाडी पाव मिलिमीटरने कमी असली तरी तो परत फिरणार. बसवताना मागून भोकात घाला, पुढून तीन-चार जाड वॉशर आणि एक जुना उघड्या तोंडाचा नट उलटा लावा, म्हणजे सपाट बाजू वॉशरवर येईल. वॉशरवर ग्रीसचं बोट फिरवा आणि हातपान्याने ओढत आणा. गन नको. मुंडी हबच्या पाठीला चिकटली की पान्याला एकदम वेगळा, दगडासारखा ठामपणा जाणवतो. तिथे थांबा. मागून कागदाचा तुकडा सरकवून बघा, मुंडीखाली जाता कामा नये. अर्धवट बसलेला स्टड शंभर किलोमीटरमध्ये उरलेला आत ओढला जातो आणि तुमचा नट तेवढाच ढिला पडतो. ओढायला वापरलेला नट फेकून द्या.

मोकळ्या स्टडचे फक्त तोंडाचे दोन-तीन आटे दबले असतील तर डाय फिरवून ते सरळ करता येतात. त्याहून जास्त गेले असतील तर बदला. नटाचे आटे टॅप मारून वाचवू नका, नट स्वस्त आहे.

एकच बदलू की चारही? स्टड मोडून निघाला असेल तर त्याचं तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. सगळं तोंड एकसारखं खरखरीत, करडं असेल तर तो एका झटक्यात, जास्त जोराने तुटला. पण एका बाजूला गुळगुळीत, काळपट चंद्रकोर आणि उरलेला भाग चमकदार खरखरीत दिसला, तर तो कित्येक दिवस थोडा थोडा तुटत होता. याचं कारण बहुतेक वेळा नट ढिला असणं. असा एक सापडला की त्याचे शेजारी त्याचाही भार उचलत होते असं धरा आणि त्या हबचे सगळे स्टड बदला. चार स्टडच्या चाकात एक गेला म्हणजे पाव आधार गेला.

ढिल्या नटाने स्टड कसा तुटतो, हे लोकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर. स्टड चाकाचं वजन खुंटीसारखं पेलत नाही. तो ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. नट कसला की स्टड किंचित लांबतो आणि रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबातल्या घासणीवर गाडी चालते. १०० न्यूटन मीटरने (हे कसण्याच्या जोराचं माप) कोरडा नट कसला तर एक १२ चा स्टड साधारण चार टनांचा दाब देतो. चार स्टडचे सोळा टन. हा दाब असेपर्यंत रिम हलत नाही. दाब गेला की रिम प्रत्येक फेऱ्याला कणभर सरकते, स्टडला इकडून तिकडे वाकवते, आणि तार वाकवून वाकवून तोडतात तसं होतं.

म्हणूनच आट्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही. तेल लागलं की घासण कमी होते आणि त्याच शंभरच्या मापात दाब चारच्या जागी साडेपाच टनांपर्यंत जाऊ शकतो. तुम्हाला वाटतं बरोबर कसलं, स्टड मात्र ताणला जातो. तारेच्या ब्रशने आटे कोरडे साफ करा, बस. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल कडेला पातळ हात फिरवा. चिपळूण-गुहागरकडून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाड्यांची अलॉय त्या कडेला गंजाने अशी चिकटतात की नट काढूनही चाक निघत नाही. रिम आणि हबचं सपाट तोंड मात्र कोरडं आणि स्वच्छ हवं. तिथे गंजाचा पापुद्रा किंवा नव्या रंगाचा जाड थर राहिला तर चालता चालता तो दबतो आणि नट आपोआप ढिले होतात.

आणि जास्त कसणं किती सोपं आहे ते बघा. ६५ किलोचा माणूस ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी जवळजवळ १९० न्यूटन मीटर होतात. मारुतीला मॉडेलप्रमाणे ८५ ते १०० लागतात, टोयोटाला १०३, होंडाला १०८. तुमच्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. म्हणजे पान्यावर पाय देऊन उभं राहिलात की जवळपास दुप्पट. उडी मारली तर विचारूच नका. हाताने, खांदा वापरून, एक ठाम ओढ पुरते. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला कसणारा पाना, आता फार महाग राहिलेलं नाही, घरी चाक बदलणाऱ्याने घ्यावं.

नटाचं बूडही बघा. बहुतेक नटांचं बूड ६० अंशांच्या शंकूचं असतं. होंडाच्या कंपनीच्या रिमना गोलसर बुडाचा नट लागतो, टोयोटाच्या काही अलॉयना सपाट वॉशरचा. चुकीचं बूड लागलं तर नट रिमला एका कडेवरच टेकतो. आकडा बरोबर दाखवतो, धरत मात्र नाही. अलॉय बाहेरचे असतील तर अलॉयच्या भोकाला जुळणारं बूड आणि गाडीच्या स्टडला जुळणारा आटा, असा नट लागतो. नट बोटाने लावताना फेरेही मोजा. सव्वाच्या आट्यावर निदान नऊ-दहा, दीडच्या आट्यावर आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. स्पेसर (चाक बाहेर सरकवायला रिम आणि हबच्या मधे घालतात ती चकती) घातलेल्या गाड्यांत हे फेरे पाच-सहावर येतात. त्या गाड्या मी स्पेसर काढल्याशिवाय हायवेला जाऊ देत नाही.

स्कोडा, फोक्सवॅगन, जुन्या फियाट चालवणाऱ्यांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे स्टड नाही, बोल्ट आहे आणि आटे हबमध्येच आहेत. तिथे वाकडा बोल्ट रेटला तर हबच खराब होतो, म्हणून पहिले पाच फेरे हातानेच. आणि कुणाकडे जुनी विलीज जीप असेल तर डाव्या चाकांचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. सोडवतोय समजून कसत राहणारे आणि स्टड मोडून आणणारे दरवर्षी एक-दोन भेटतात.

आता तुमचं आजचं काम. ज्या चाकाचे दोनच नट खात्रीचे आहेत त्यावर गाडी चालवू नका, गॅरेजपर्यंतही नाही. निघालेले दोन नट हाताने लावून नीट कसून ठेवा, म्हणजे उभ्या गाडीचं चाक नीट बसलेलं राहील, आणि मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. बाकीच्या तीन चाकांचे नटही एकेक करून काढून बोटाने तपासा, कारण नटांचा तो संच सगळीकडे एकच लागलाय. काम झाल्यावर नट समोरासमोरच्या जोडीने दोन टप्प्यांत कसा. आधी चाक हवेत असताना हलके, मग जमिनीवर टेकवून पूर्ण आकड्याला. ५० ते १०० किलोमीटर झाले की गार चाकावर परत एकदा टॉर्क रेंच लावा. एखादा नट पाव फेरा पुढे गेला तर त्याच दिवशी चाक काढून मुंडी आणि रिमचं तोंड बघा.

नवा स्टड बसवल्यावर जुना मिस्त्रीकडून मागून घ्या. त्याचं तुटलेलं तोंड आणि आटे दिसतील असे दोन फोटो काढून मला पाठवा, मी बघून सांगतो बाकीचे तीन ठेवायचे की बदलायचे.